एका शाफ्टवर दोन मोटारी

डोणगांव हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील एक गांव. तेथें आगगाडी नाहीं, कापडाची गिरणी नाहीं, घाटही नाहीं. तरीसुद्धां मुंबईच्या गिरण्यांचा, इटलींतील डोंगरी रेल्वेचा आणि आपल्या बोरघाटाचा इतिहास या गांवांतील एका लहानशा दालमिलच्या दाराशीं एक दिवस येऊन उभा राहिला. तो कसा, हें आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याची दालमिल जुन्या वळणाची आहे. छतालगत एक लांब लोखंडी शाफ्ट फिरतो, आणि तूर भरडण्याचें यंत्र, चाळणी, दाणे वर चढविणारा एलिव्हेटर व पिठाची चक्की, हीं सारीं पट्ट्यांनीं त्याच एका शाफ्टला जोडलेलीं आहेत. पूर्वीं हा संसार दहा अश्वशक्तीची एक मोटार ओढीत असे. काम वाढलें, तेव्हां त्यानें शाफ्टच्या दुसऱ्या टोंकास दहा अश्वशक्तीचीच आणखी एक मोटार बसविली. ती नवी, उच्च कार्यक्षमतेची, म्हणून जास्त पैसे मोजून आणलेली. दहा आणि दहा मिळून वीस, असा त्याचा सरळ हिशेब. एका वर्षांत ती नवी मोटार दोनदां जळाली. जुनीला कांहींही झालें नाहीं.

"गुरुजी," तो म्हणाला, "जुनी बिचारी मुकाट्यानें चालते, अन् नवीच दगा देऊन राह्यली. मोटारच कच्ची निघाली." ज्या दुकानांतून ती आणली तेथें त्याचें भांडण झालें होतें. ज्यानें ती भरून दिली, त्या वाइंडरशीं अबोला धरला होता. कोर्टापर्यंत जाण्याची भाषा सुरू झाली होती.

मीं त्याला एवढेंच सांगितलें, "तूं भांडण उद्यांवर ठेव आणि दोन्ही मोटारींच्या पाट्यांवर काय काय लिहिलें आहे तें उतरून आण." दुसऱ्या दिवशीं तो कागद घेऊन आला. अश्वशक्ति दोन्हींची दहा. व्होल्ट सारखे. फक्त एका ओळींत फरक होता. जुनीवर फेरे मिनिटास १,४४०, नवीवर १,४७०. ज्या तीस फेऱ्यांकडे कोणीच लक्ष दिलें नव्हतें, त्यांत त्याच्या सर्व तक्रारीचें उत्तर होतें. तें समजण्यास मात्र या मोटारीच्या जन्मापासून आरंभ करावा लागतो.

आपल्या विहिरींवर, चक्क्यांवर आणि कारखान्यांत जी मोटार सर्रास दिसते, तिला इंडक्शन मोटार म्हणतात. इटलींतील टुरिन येथील गॅलिलिओ फेरारिस यांनीं १८८५ सालीं फिरत्या चुंबकक्षेत्राचा प्रयोग केला. निकोला टेस्ला यांस १८८८ सालीं अमेरिकेंत पेटंटें मिळालीं. आणि जर्मनींत काम करणारे रशियन अभियंते दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनीं १८८९ च्या सुमारास तिला आजचें साधें, दणकट रूप दिलें. १८९१ सालच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत लाउफेन या गांवाहून १७५ किलोमीटर अंतरावरून आणलेल्या विजेवर अशा मोटारीनें पंप चालवून एक कृत्रिम धबधबा वाहविला. लांबून वीज आणून तिच्याकडून कष्टाचें काम करून घेतां येतें, हें त्या धबधब्यानें लोकांस डोळ्यांनीं दाखविलें.

या मोटारीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. तिच्या बाहेरच्या स्थिर भागांत वीज सोडली म्हणजे एक अदृश्य चुंबकक्षेत्र गरगर फिरूं लागतें, आणि आंतला लोखंडी भाग त्याचा पाठलाग करतो. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीचें चुंबकक्षेत्र मिनिटास बरोबर १,५०० फेरे घेतें. आंतला भाग मात्र नेहमीं थोडा मागें राहतो. त्यानें तें क्षेत्र पूर्णपणें गांठलें, तर दोहोंत सापेक्ष हालचाल उरणार नाहीं. हालचाल नाहीं तर आंत वीज उत्पन्न होणार नाहीं, आणि वीज नाहीं तर ओढही नाहीं. मागें पडणें हा या मोटारीचा दोष नसून तेंच तिच्या कामाचें कारण आहे. या मागें पडण्याला स्लिप असें म्हणतात. भार वाढेल तशी स्लिप वाढते, आणि नेहमींच्या कामाच्या मर्यादेंत ती भाराच्या जवळजवळ प्रमाणांत वाढते.

या स्लिपची किंमतही मोजावी लागते. आंतल्या भागास जी शक्ति पोंचते, तींतून स्लिपच्या प्रमाणाएवढा हिस्सा तेथेंच उष्णता होऊन जातो. १,५०० पैकीं ६० फेरे मागें पडणारी मोटार शंभरांतले चार भाग तेथें गमावते. ३० फेरे मागें पडणारी दोनच. म्हणून कार्यक्षम मोटार करावयाची तर तिची स्लिप कमी राखावी लागते. एकटी चालणारी मोटार निवडतांना हें शहाणपणाचें आहे. पण दोन मोटारी एका शाफ्टला बांधल्या कीं निराळाच प्रश्न उत्पन्न होतो, कारण मग दोघींची गति एकच होते आणि दोघींस सारखेंच मागें पडावें लागतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडूं. जुनी मोटार ६० फेरे मागें पडली म्हणजे तिचे दहा अश्व पुरे होतात. नवी ३० फेरे मागें पडली कीं तिचे पुरे होतात. शाफ्टवर वीस अश्वशक्तीचें काम पडलें असतां दोघीही ४० फेरे मागें पडतात, म्हणजे १,४६० वर येऊन स्थिरावतात. त्या वेळीं जुनीच्या वांट्यास दहाचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारें पावणेसात अश्व येतात. आणि नवीवर सव्वातेरा अश्वांहून अधिक भार पडतो. मोटारीच्या तारांतील उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एकतृतीयांश जास्त प्रवाह म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट उष्णता. अशा स्थितींत तिची तार न जळती तरच नवल. दोघींपैकीं कोणासही मर्यादेबाहेर न जाऊं देतां या जोडीकडून फक्त पंधरा अश्वशक्तीचें काम घेतां येतें. पाटीवरची वीस शाफ्टवर पंधरा झाली होती.

जी अधिक चांगली, तीच अधिक भार ओढते आणि तीच आधीं जळते, असा हा प्रकार आहे. वाइंडरनें ती दोनदां भरून दिली, पण भरण्यानें बाहेरच्या तारा बदलतात. आंतल्या भागाचा स्वभाव, म्हणजेच स्लिप, तशीच राहते. म्हणून तिसऱ्यांदा भरली असती तरी ती तिसऱ्यांदाही जळाली असती. यांत दुकानदाराचा दोष नव्हता, वाइंडरचाही नव्हता, आणि मोटार तर मुळींच कच्ची नव्हती.

हा प्रश्न कांहीं डोणगांवांत नवा उत्पन्न झाला नाहीं. महाराष्ट्रांत तो शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या प्रमाणावर येऊन ठेपला होता. मुंबईच्या कापडगिरण्या प्रथम वाफेवर चालत. तळमजल्यावर एक प्रचंड एंजिन, त्याच्या भल्या मोठ्या चाकावरून निघालेले जाड दोर, ते दोर प्रत्येक मजल्यावरच्या शाफ्टला फिरवीत, आणि त्या शाफ्टवरून निघालेले शेंकडों पट्टे चात्यांस व मागांस गति देत. एंजिन एक, म्हणून वांटणीचा प्रश्न नव्हता. परंतु मोठा तोटा होता. चार माग चालोत कीं चारशें चालोत, सारे शाफ्ट, सारे दोर आणि सारे पट्टे फिरवावेच लागत, आणि कोळशाचा मोठा भाग कापडाकडे न जातां घर्षणांत जाई.

जमशेटजी टाटा यांचा सह्याद्रीच्या पावसावर वीज करण्याचा संकल्प त्यांच्या हयातींत पुरा झाला नाहीं. ते १९०४ सालीं निवर्तले. त्यासाठीं कंपनी १९१० सालीं स्थापन झाली. लोणावळें, वळवण आणि शिरवता येथील तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस आणून फेब्रुवारी १९१५ मध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें त्या कामाचें उद्घाटन झालें, आणि ती वीज परळपर्यंत येऊन गिरण्यांस मिळूं लागली. एंजिनाच्या जागीं मोटार आली. पण यंत्र बदललें तरी मांडणी लगेच बदलत नाहीं. जुने शाफ्ट, जुने दोर, जुन्या पुल्या तशाच ठेवून त्यांना मोटारी जोडणें हाच स्वाभाविक पहिला मार्ग होता. वाफेच्या एंजिनाचे पोशाख विजेच्या मोटारीस कांहीं काळ वापरावे लागले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हळूहळू जगभरच्या गिरण्यांत दुसरा विचार रुजला. एका मोठ्या शाफ्टवर सारी गिरणी टांगण्यापेक्षां यंत्रांचे लहान गट करून प्रत्येक गटास स्वतंत्र मोटार द्यावी, आणि पुढें तर प्रत्येक यंत्रास आपली आपली मोटार असावी. यांत मोटारींचा खर्च वाढतो, लहान मोटार मोठीपेक्षां थोडी कमी कार्यक्षमही असते. परंतु शाफ्ट व पट्टे फिरविण्यांतली नासाडी जाते, जें यंत्र थांबलें त्याची मोटारही थांबते, आणि दोन मोटारींस एका जोखडांत बांधण्याची गरजच उरत नाहीं. हा इतिहास मोठ्या गिरण्यांत केव्हांच पुरा झाला. आपल्या खेड्यांतल्या चक्क्यांत आणि दालमिलांत मात्र तो लांब शाफ्ट अजूनही कोठें कोठें फिरतांना दिसतो.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. वाया जाणारी वीज ही केवळ बिलांतली रक्कम नसते. खोपोलीनंतर मुंबईसाठीं मुळशीचें धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी पाण्याखालीं जाणार होत्या. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मुळशीचा सत्याग्रह झाला, स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले, आणि तरीही धरण झालें. त्या पाण्यावरचें भिरा येथील वीजघर १९२७ सालीं चालू झालें. आपल्या वऱ्हाडांत पारसच्या औष्णिक केंद्रांत आज कोळसा जळतो. वीज कोठलीही असो, तिच्यासाठीं कोणी तरी जमीन, पाणी किंवा हवा दिलेली असते. म्हणून कार्यक्षमतेचा हिशेब हा व्यापाऱ्यापुरता हिशेब नव्हे.

आतां गिरण्यांतून रेल्वेकडे वळूं, कारण दोन मोटारींच्या जोडीची खरी परीक्षा तेथें झाली. हंगेरींतील गांझ कारखान्याचे अभियंते काल्मान कांडो यांनीं इटलींतील वाल्तेल्लिना खोऱ्यांत १९०२ सालीं तीन फेजच्या विजेवर आगगाडी सुरू केली. इंडक्शन मोटारीची एक मोठी अडचण अशी कीं तिची गति विजेच्या आवर्तनांनीं ठरलेली असते. तिला अर्ध्या गतीनें चालवावयाचें, तर आंतल्या भागांत जाणारी निम्मी शक्ति प्रतिरोधकांत जाळून टाकावी लागे. गाडी हळू चालते आहे आणि निम्मी वीज नुसती तापते आहे, असा तो व्यवहार.

यावर योजलेली युक्ति मोठी मार्मिक होती. एंजिनांत दोन मोटारी घेऊन त्यांचे आंस चाकांच्या दांड्यांनीं एकमेकांशीं घट्ट बांधावयाचे. मग पहिल्या मोटारीच्या आंतल्या भागांतून जी वीज जाळून टाकावी लागत होती, तीच दुसऱ्या मोटारीस खाद्य म्हणून द्यावयाची. दोन्ही मोटारींचे ध्रुव सारखे असले म्हणजे अशी जोडी बरोबर निम्म्या गतीजवळ चालते, आणि जी वीज उष्णता होऊन जाणार होती ती गाडी ओढण्यास लागते. मागें पडणाऱ्या मोटारीचा मागासलेपणा दुसरीनें उपयोगांत आणावा, अशी ही रचना. जेनोवाजवळच्या जोवी घाटासाठीं १९०८ पासून बनलेल्या पांच चाकजोड्यांच्या एंजिनांत हीच पद्धति होती. त्यांच्या दोनच नेमक्या गति होत्या. दोन्ही मोटारी अशा एकीमागें एक जोडल्या म्हणजे तासास २५ किलोमीटर, आणि बरोबरीनें चालविल्या म्हणजे ५०.

त्यांच्यांत आणखी एक गुण होता. उतारावर गाडीच मोटारीस ढकलूं लागते. मोटार चुंबकक्षेत्राच्या पुढें जाते, आणि तत्क्षणीं ती वीज खाण्याचें सोडून वीज देऊं लागते. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीस मदत करते. हें सारें कसलीही कळ न फिरवितां होतें. इंडक्शन मोटार मागें पडली तर ओढते आणि पुढें गेली तर धरून ठेवते. हें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण डोणगांवच्या दालमिलमध्यें तें पुन्हां भेटणार आहे.

पण घाटांत जड गाडीस दोन एंजिनें लावीत, आणि तेथें वांटणीचा जुना प्रश्न उभा राही. एका एंजिनाचीं चाकें थोडीं झिजलेलीं आणि दुसऱ्याचीं नवीं असलीं, तर मोठ्या चाकांच्या एंजिनाच्या मोटारी हळू फिरत, अधिक मागें पडत, आणि म्हणून अधिक भार ओढीत. लहान चाकांचें एंजिन आरामांत राही. चालक द्रवाच्या प्रतिरोधकांनीं हें असमान ओझें सारखें करीत, आणि त्या समानतेची किंमत म्हणून कांहीं वीज तापवून टाकीत. इटलींतली ही तीन फेजची पद्धति १९७६ पर्यंत कोठें कोठें टिकून होती, हें तिच्या गुणांचेंच गमक होय.

आपल्याकडे जी. आय. पी. रेल्वेनें निराळी वाट धरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धांवली, आणि कांहीं वर्षांतच ही वीज बोरघाट चढून पुण्यास व थळघाट चढून इगतपुरीस पोंचली. ती एकाच दिशेनें वाहणारी, १,५०० व्होल्टची वीज होती. ३७ फुटांस एक फूट अशा चढणीवर मालगाड्या नेण्यास जीं एंजिनें आलीं, त्यांस लोक कौतुकानें खेंकडा म्हणत. लांब नाकाडें, मध्यें उंच खोली, आणि बाजूस वरखालीं होणारे दांडे. त्यांत एकेका बोगीवरील दोन मोटारी दंतचक्रांनीं एका आडव्या शाफ्टला आणि त्या शाफ्टपासून दांड्यांनीं तीन चाकजोड्यांस बांधलेल्या असत. म्हणजे दोन मोटारी एका जोखडांत होत्याच. परंतु त्या इंडक्शन जातीच्या नव्हत्या. त्या सीरीज मोटारी होत्या, आणि त्यांचा स्वभाव मऊ असतो. थोडासा जास्त भार पडला कीं त्यांची गति बरीच उतरते. अशा दोन मऊ मोटारी एकत्र बांधल्या तर लहानसहान फरक त्या आपसांत जिरवून घेतात. दोन ताठ मोटारींस तें साधत नाहीं. कदाचित् माणसांतही असेंच असतें, पण तो विषय आजचा नव्हे.

सुमारें सत्तर वर्षांनीं इंडक्शन मोटार भारताच्या रुळांवर मोठ्या मानानें आली. १९९५ सालीं डब्ल्यूएपी-५ आणि १९९६ सालीं डब्ल्यूएजी-९ हीं एंजिनें परदेशाहून आलीं. पुढें तीं चित्तरंजन येथें होऊं लागलीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव या मार्गानें ज्या मालगाड्या जातात, त्यांच्यापुढें हीं हिरवीं एंजिनें दिसतात. नागपूरजवळ अजनीस त्यांचें मोठें आगार आहे. डब्ल्यूएजी-९ मध्यें सहा मोटारी, प्रत्येकी ८५० किलोवॅटची. आतां आवर्तनें ठरलेलीं नसतात. इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टर हवीं तेवढीं आवर्तनें करून देतो, म्हणून मोटार मंद गतीनें चालविण्यास वीज जाळावी लागत नाहीं. कांडो यांस जें दोन मोटारी सांखळीनें बांधून दोनच गतींपुरतें साधलें, तें आतां प्रत्येक गतीस साधतें. उतारावर वीज परत देण्याचा गुण तर जन्मजातच आहे.

तथापि जुना प्रश्न येथेंही गेला नाहीं. या एंजिनांत एका बोगीवरील तीन मोटारींस एकच इन्व्हर्टर वीज पुरवितो. तिघींस एकच आवर्तन मिळतें, आणि तिघींचीं चाकें एकाच रुळावर एकाच वेगानें धांवतात. रूळ हाच त्यांचा शाफ्ट. नव्या चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर असतो आणि तें झिजून १,०१६ पर्यंत येऊं शकतें. एकाच बोगींत एका चाकजोडीचा व्यास दुसरीपेक्षां फक्त एक टक्का, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी, मोठा राहिला असें समजा. पूर्ण भारावर मोटार दीड टक्का मागें पडते असें धरलें, तर त्या एका टक्क्यानें दोन मोटारींच्या ओझ्यांत पूर्ण भाराच्या दोन तृतीयांशांएवढा फरक पडेल. म्हणून एका बोगींतलीं चाकें एका मापाचीं राहतील अशा बेतानें तीं कातावीं लागतात. इतका प्रगत इन्व्हर्टर असूनही शेवटीं कारागिराच्या लेथपाशींच यावें लागतें.

हा सारा प्रवास मीं त्या विद्यार्थ्यास त्याच्या ओट्यावर बसून सांगितला. तो हुशार. त्यानें लगेच विचारलें, "मग गुरुजी, नव्या मोटारीची पुली थोडी लहान केली तर? तिला जास्त फेरे मिळतील, ती कमी मागें पडेल."

विचार बरोबर होता. जुनीची पुली २०० मिलिमीटर ठेवून नवीची १९६ केली, तर पूर्ण भारावर जुनी १,४४० आणि नवी १,४७० वर चालेल, आणि दोघी दहा दहा अश्व बरोबर वांटून घेतील. पण दालमिल सदैव पूर्ण भारावर नसते. तूर संपली, चक्की थांबली, शाफ्ट रिकामा फिरूं लागला, म्हणजे काय होईल तें आम्हीं कागदावर काढलें. शाफ्ट हलका होतांच दोघींची गति वाढते. नवी मोटार १,५०० च्या पुढें, सुमारें १,५१० वर जाते. जुनी १,४८० च्या आसपास राहते. पुढें गेलेली मोटार धरून ठेवते, मागें पडलेली ओढते. म्हणजे जुनी आपल्या एकतृतीयांश शक्तीनें शाफ्ट पुढें रेटीत आहे, आणि नवी तितक्याच शक्तीनें त्याला मागें खेंचीत आहे. काम शून्य, दोघी तापत आहेत, पट्टे झिजत आहेत. इटलींतल्या घाटांत जो गुण गाडी संभाळीत होता, तोच येथें रिकाम्या शाफ्टवर नासाडी करणार होता. शिवाय पट्टा थोडासा ढिला झाला कीं दोन टक्क्यांचें हें बारीक माप टिकावयाचेंच नाहीं.

मग उरले दोन मार्ग. पहिला, दोन्ही मोटारी एका जातीच्या आणि एका फेऱ्यांच्या घ्याव्या. हें केलें असतें तर वांटणीचा प्रश्न मिटला असता. परंतु दुसरा उरतोच. शाफ्टवर दहाच अश्वांचें काम असेल, तर दोन मोटारी पांच पांच अश्व घेऊन चालतात, आणि दोघीही आपापलें चुंबकक्षेत्र उभें करण्याची वीज निराळी खातात. अर्ध्याहून कमी भारावर तर या मोटारींची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही घसरतात. जें काम एकीला पूर्ण पेलतें, त्यासाठीं दोघींस उभें करणें हा तोट्याचा व्यवहार. एक बंद करावी म्हटलें तर ती शाफ्टबरोबर फुकट फिरत राहते, जोपर्यंत तिला वेगळें करण्याची सोय केलेली नसते.

दुसरा मार्ग मुंबईच्या गिरण्यांनीं शिकविलेला. शाफ्टच तोडावा.

त्यानें तेंच केलें. एका सुट्टीच्या दिवशीं लोहाराकडून शाफ्ट मधोमध कापून घेतला आणि दोन्ही कापलेल्या टोंकांखालीं आधाराच्या बेअरिंगा बसविल्या. तूर भरडण्याचें यंत्र एकट्या नव्या मोटारीवर. चाळणी, एलिव्हेटर आणि चक्की जुन्या मोटारीवर. दोन्ही बाजूंचा भार दहा अश्वांच्या आंत राहील अशी वांटणी केली. नवी मोटार तिसऱ्यांदा भरून बसविली. तिचा ओव्हरलोड रिले वारंवार पडतो म्हणून त्यानेंच मागें वर सरकवून ठेवला होता. खरें म्हणजे रिले त्याला पहिल्या दिवसापासून तेंच सांगत होता, जें आम्हांस कागदावर काढावें लागलें. तो त्यानें पाटीवरच्या प्रवाहावर आणून ठेवला. संध्याकाळीं केवळ पीठ दळावयाचें असेल तेव्हां नवी मोटार आतां बंद असते. त्यानंतर दोहोंपैकीं एकही मोटार जळाली नाहीं.

राहिलें तें भांडण. दुकानदाराशीं तें सहज मिटलें. वाइंडरकडे जाण्यास मात्र त्याला चार दिवस लागले, कारण चारचौघांत तो त्याला नाहीं नाहीं तें बोलला होता. शेवटीं तो गेला, आणि आमचा हिशेबाचा कागद बरोबर घेऊन गेला. वाइंडर फार शिकलेला नाहीं. त्यानें कागद दोनदां पाहिला आणि म्हटलें, "म्हणजे माझी तार बरोबर होती." एवढेंच. आतां त्याच्या दुकानांत कोणी जळालेली मोटार आणली, तर ती कोणत्या यंत्रावर होती हें विचारण्याआधीं, ती एकटी होती कीं जोडीनें, आणि जोडीच्या पाटीवर फेरे किती, हें तो विचारतो.